ई-इंक रीडर आणि अर्धी पडलेली कादंबरी: लिहिणाऱ्याच्या बाजूने रिव्ह्यू

ई-इंक रीडरचे रिव्ह्यू नेटवर ढिगाने आहेत आणि ते जवळपास सगळे वाचणाऱ्यांसाठी आहेत, म्हणजे बॅटरी किती टिकते, उन्हात दिसतं का, पुस्तकं किती मावतात वगैरे. पण ज्याच्या लॅपटॉपमधे एक कादंबरी अर्धी पडलीये, जो नोकरी सांभाळून पहाटे नाहीतर रात्री लिहितो आणि उरलेल्या वेळात हावरटासारखा वाचतो, अशा माणसाला या यंत्राचा नक्की उपयोग काय हे मला कुठेच सापडलं नाही. म्हणून हे लिहितेय. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण जे सांगायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे आणि ब्रँड लिहिला की मग चर्चा फक्त त्याचीच होते.

आधीच सांगते, आवडलंय. पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच, त्याचा संबंध देवनागरीशी आहे.

ज्यांनी कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा टॅब नाही. स्क्रीनच्या आत केसाच्या जाडीएवढ्या बारीक कॅप्सूल असतात, त्यात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, दोघांवर विरुद्ध विद्युतभार, त्यामुळे खालून जसा करंट मिळेल तसे हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहतं, वीज लागते ती फक्त पान उलटताना. म्हणून चार्जिंग आठवड्या-आठवड्यांनी करावं लागतं (लाइट फुल आणि वायफाय कायम चालू ठेवलंत तर लवकर, अर्थातच). लाइटसुद्धा मागून डोळ्यात घुसत नाही, कडेच्या एलईडीमधून स्क्रीनवर पसरतो. हे तंत्र एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालं, ई-इंक कंपनी १९९७ ची, त्यावरचा पहिला रीडर सोनीने २००४ मधे जपानमधे आणला आणि नोव्हेंबर २००७ मधे किंडल आल्यावर मग ही गोष्ट घरोघरी माहीत झाली. इतिहास पुरे.

आता तोटे म्हणून जे सांगतात ते बघा. स्क्रीन मंद आहे, पान बदलताना एक काळा झटका येतो, कधीकधी मागच्या पानाची पुसट सावली राहते, ब्राउझर असला तरी वापरवत नाही, टायपिंग म्हणजे तर शिक्षा. सगळं खरं आहे. आणि माझ्यासारखीला नेमकं हेच हवं होतं, कसं ते सांगते, पण त्याआधी साध्या वाचनाबद्दल दोन गोष्टी.

वाचनासाठी हे यंत्र चांगलं आहे हे मी वेगळं सांगायला नको. फोनवर कादंबरी वाचताना दर पानाला कुणीतरी दार वाजवतं, कधी मेसेज, कधी मेल, इथे ते नाही. पण कादंबरी लिहायला शिकणाऱ्याला एक जास्तीचा फायदा आहे तो म्हणजे सॅम्पल. बहुतेक ई-बुक दुकानांत पुस्तकाचा सुरुवातीचा भाग फुकट उतरवता येतो. लोक तो घ्यायचं की नाही हे ठरवायला वापरतात, मी तो वेगळ्याच कामासाठी वापरते: एकाच बैठकीत वेगवेगळ्या कादंबऱ्यांच्या नुसत्या सुरुवाती वाचून काढायच्या. पहिल्या पानावर कोण बोलतंय, काळ कुठे कळतो, पहिलं माणूस कधी येतं, हवापाण्याचं वर्णन लेखकाने किती ओळी ताणलंय. अशा सुरुवाती ओळीने वाचल्या की आपली सुरुवात कुठे फसतेय ते कुणी न सांगता कळायला लागतं. कुठल्या वर्कशॉपात मला हे इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

शिवाय हक्क संपलेली जुनी पुस्तकं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ पासून चालू आहे आणि तिथे इंग्रजीतलं जुनं साहित्य ईपबमधे (ई-बुकची फाईल असते तो प्रकार) पडलेलं आहे, मराठीसाठी मराठी विकिस्रोत आहे, तिथली पुस्तकंही ईपब करून घेता येतात. मराठीचा साठा त्या मानाने कमीच आहे आणि मुद्रितशोधनाचं काम तिथे हळूहळू चालतं, पण जुनी मराठी गद्य वाक्यं कशी लांब पल्ल्याची असायची हे बघायला फार उपयोगी आहे.

हायलाइटबद्दल माझं मत जरा कडू आहे. बोट फिरवलं की ओळ अधोरेखित होते, इतकं सोपं की आपण काय अधोरेखित करतोय याचा विचारच होत नाही, आणि महिन्याभराने ती यादी उघडली तर कुठली ओळ का आवडली होती ते आठवत नाही. अधोरेखित केलं म्हणजे शिकलो असं वाटतं आणि तिथेच थांबतो आपण. त्यापेक्षा वही घेऊन ओळ हाताने उतरवा, हात दुखायला लागला की आपोआप निवडक होता. बाकी हायलाइट ठेवायचेच असतील तर अधूनमधून बाहेर काढून स्वतःकडे ठेवा. जुलै २००९ मधे ॲमेझॉनने विकलेली काही ई-बुकं हक्कांच्या वादामुळे लोकांच्या किंडलवरून दुरूनच काढून टाकली होती, पैसे परत दिले, पण एका विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या नोट्स त्यात निकामी झाल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीनेही नंतर माफी मागितली. ई-बुक आपण विकत घेतो म्हणजे बहुतेक वेळा वाचायचा परवाना घेतो, पुस्तक नाही. ज्याच्या नोट्स हाच पुढच्या पुस्तकाचा कच्चा माल आहे त्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता मुख्य मुद्दा.

या यंत्रावर सगळ्यात जास्त वाचण्यासारखी गोष्ट म्हणजे तुमची स्वतःची अर्धवट कादंबरी.

लॅपटॉपवर स्वतःचं प्रकरण वाचायला बसलं की काय होतं हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. पहिल्याच परिच्छेदात हात शिवशिवतो, हा स्वल्पविराम नको, तो ‘मात्र’ काढ, हे वाक्य वर घे, आणि तासाभराने बघावं तर पहिलं पान चकाचक झालेलं असतं आणि पुढची चाळीस पानं तशीच. असं महिनोन्‌महिने चालतं. पहिलं प्रकरण पन्नासदा धुतलेलं आणि सातव्याकडे कुणी ढुंकून बघितलेलं नाही, अशा कादंबऱ्या जगात किती पडून असतील देव जाणे. रीडरवर हे करताच येत नाही. फाईल उघडते, वाचता येते, पण एक अक्षर बदलता येत नाही. चुकीचा शब्द दिसला तरी गिळून पुढे जावं लागतं. आणि पुढे गेलं की मग कळतं की शब्द वगैरे किरकोळ आहे, खरी भानगड ही आहे की अख्खं पाचवं प्रकरण कुणीतरी कुणालातरी आधीच माहीत असलेली गोष्ट समजावून सांगतंय.

करायचं कसं? अवघड नाही. लिब्रेऑफिस रायटरमधे ६.० पासून, म्हणजे २०१८ पासून, थेट ईपब एक्स्पोर्ट आहे, गूगल डॉक्समधे डाउनलोडच्या यादीत ईपब आहे, आणि वर्डची फाईल असेल तर कॅलिबर नावाचं फुकट सॉफ्टवेअर डॉकएक्सचं ईपब करून देतं. एक गोष्ट मात्र आधी करा, प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग १’ स्टाइल द्या. नुसतं बोल्ड करून फाँट मोठा केला तर माणसाला ते शीर्षक वाटतं, सॉफ्टवेअरला वाटत नाही, मग अनुक्रमणिका तयार होत नाही आणि अख्खी कादंबरी एकच लांबलचक प्रकरण होऊन बसते. फाईलच्या नावात तारीख टाका. कारण दुरुस्ती करून नवीन फाईल पाठवली की यंत्राच्या दृष्टीने ते नवीनच पुस्तक असतं, जुन्यातल्या खुणा त्यात येत नाहीत, आणि तारीख नसेल तर एकाच नावाचे तीन खर्डे लायब्ररीत शेजारी शेजारी बसलेले असतात.

मग ते उघडायचं. पहिला धक्का असा बसतो की आपलं लिखाण पुस्तकासारखं दिसतं. तोच फाँट, तीच मार्जिन, खाली तीच टक्केवारी, आणि दहा मिनिटांपूर्वी वाचत असलेली कुणा मोठ्या लेखकाची कादंबरी त्याच यादीत एक ओळ वर. सुरुवातीला छान वाटतं. नंतर तुलना सुरू होते आणि ती अजिबात दयामाया दाखवत नाही.

सहा इंची स्क्रीनवर मजकूर कमी मावतो, याचाही फायदा होतो. माझ्या एका प्रसंगात एकाच स्क्रीनवर ‘तेवढ्यात’ तीनदा आलं होतं. तेवढ्यात दार वाजलं, तेवढ्यात तिला आठवलं, तेवढ्यात पाऊस. लॅपटॉपवर हेच पान कितीदा तरी डोळ्याखालून गेलेलं होतं, पण तिथे ते तीन ‘तेवढ्यात’ लांबलचक ओळींत विखुरलेले होते, इथे एकाखाली एक उभे. तसंच सुमन आणि सुमती. नायिकेची मावशी सुमती आणि शेजारीण सुमन, लिहिताना दोघी मला स्वच्छ वेगळ्या दिसत होत्या कारण त्या माझ्या डोक्यात राहतात, पण रात्री झोपाळलेल्या डोळ्यांनी वाचणाऱ्याला नुसतं ‘सुम’ दिसतं आणि तो मागे जाऊन बघत बसतो. शेजारणीचं नाव आता वेगळं आहे.

टक्केवारी हा तर स्वतंत्र विषय आहे. वाचक म्हणून मला ती आवडत नाही, पुस्तक संपवायची घाई लागते तिच्यामुळे. लेखक म्हणून तिच्यासारखा खडूस संपादक नाही. माझ्या कथेत नायिका घर सोडते, खरी गोष्ट तिथून सुरू होते. लिहिताना ते मला बऱ्यापैकी लवकर वाटत होतं. रीडरवर त्या वाक्याला पोचले आणि खाली लिहिलेलं होतं ४१ टक्के. म्हणजे वाचकाने जवळपास निम्मं पुस्तक फक्त बॅग भरताना बघायचं! आता हे कळायला यंत्र कशाला, पानं मोजली असती तरी कळलं असतं, असं म्हणाल. बरोबर आहे, पण खर्डा लिहिताना पानं कुणी मोजत नाही, शब्द मोजतात, आणि शब्दांचा आकडा वाढलेला बघून आपल्याला आनंदच होत असतो.

खुणा करायची माझी पद्धत सांगते, कुणाला उपयोगी पडली तर. यंत्रावर टाइप करणं त्रासाचं आहे, शिवाय देवनागरी कीबोर्ड बऱ्याच यंत्रांत नसतो, म्हणून नोट म्हणून फक्त एक आकडा टाकायचा. १ म्हणजे कंटाळा आला, २ म्हणजे हे आधी येऊन गेलंय, ३ म्हणजे हे माणूस असं बोलणार नाही, ४ म्हणजे इथे काहीतरी गाळलंय. उपाय लिहायचा नाही, फक्त दुखणं कुठे आहे ते. मग टेबलाशी बसल्यावर नोट्सची यादी उघडून ओळीने बघायचं. एका प्रकरणात माझे ओळीने १ आले, १, १, १, परत १. ते प्रकरण दुरुस्त करत बसले नाही, काढूनच टाकलं आणि त्यातली कामाची दोन वाक्यं पुढच्या प्रकरणात घातली. खर्डा कुणाला वाचायला द्यायचा असेल तरीही ईपबच द्या. वर्डची फाईल दिली की मित्रमंडळी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवतात आणि त्यांना वाटतं काम झालं. कथा लागली का, कुठे सोडून द्यावीशी वाटली, हे विचारलं की गप्प. ईपबमधे सुधारायला काही मिळत नाही, मग झक मारत वाचतात.

आता कापलेला एक गुण. देवनागरी.

पहिली अट, मजकूर युनिकोडमधे हवा. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधे टाइप केलेली फाईल असेल तर रीडरवर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल, आधी कन्व्हर्टरमधून काढावी लागेल आणि काढल्यावर जोडाक्षरं डोळ्यात तेल घालून तपासावी लागतील. युनिकोड असेल तरी सगळं सुखाचं नाही. खरी परीक्षा ‘दुसऱ्या’ आणि ‘बऱ्याच’ या शब्दांची. तो अर्धा, पापणीसारखा र युनिकोडमधे दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन आणि दुसरा साध्या र नंतर हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. फाँट किंवा सॉफ्टवेअर जुनं असेल किंवा कन्व्हर्ट करताना ते न दिसणारं चिन्ह गळून पडलं तर ‘दुसर्या’ असं डोक्यावर रफार आलेलं काहीतरी दिसतं. कादंबरीत ‘ऱ्या’ पानोपानी येतो हो. दर वेळी अडखळायला होतं. उपाय आहे, टायपिंगमधे सगळीकडे ऱ चा पहिला प्रकार एकसारखा वापरा, फाइंड-रिप्लेसने होतं ते.

दुसरं म्हणजे ल आणि श. आयत्या फाँटमधे ते बऱ्याचदा हिंदी वळणाचे येतात. काही जणांना फरक पडत नाही, मला पडतो, आपलं वाक्य दुसऱ्या कुणाच्यातरी हस्ताक्षरात लिहिल्यासारखं दिसतं. ज्या रीडरमधे बाहेरून फाँट टाकता येतो तो घ्यावा असं मी या एकाच कारणासाठी सांगेन. मुक्ता, शोभिका (हा आयआयटी बॉम्बेचा) असे चांगले फाँट फुकट मिळतात. फाईलमधे भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तर काही फाँट ल-श चं मराठी रूप आपणहून देतात, ते रीडरच्या सॉफ्टवेअरवर पण आहे, करून बघा. आणि अलाइनमेंट डावीकडे ठेवा. दोन्ही कडा सरळ केल्या की आपले लांब लांब शब्द ओळीत बसत नाहीत, मराठी शब्द तोडायची सोय बहुतेक ठिकाणी नाही, मग शब्दांच्या मधे ही एवढी भगदाडं पडतात. पीडीएफचा तर विचारच करू नका सहा इंचावर, अक्षरं मुंगीएवढी आणि झूम करून पान ढकलत बसायचं.

रंगीत मॉडेल घ्यावं का? कादंबरीसाठी गरज नाही. आजच्या बऱ्याच रंगीत ई-इंकमधे काळ्यापांढऱ्या स्क्रीनवर रंगांचा एक थर असतो, त्यामुळे पार्श्वभूमी जरा काळपट होते, आणि काळापांढरा मजकूर इंचाला ३०० पिक्सेल असला तरी रंगीत १५० वर येतो. कॉमिक्स करणाऱ्यांनी बघावं. पेनवाली मोठी दहा इंची मॉडेलं येतात, त्यांच्यावर मजकुरात हाताने खुणा करता येतात, मोहात पडायला होतं, मी पण बघून आले. पण मला वाटतं पेन आलं की परत स्वल्पविराम आले. ज्याला संयम आहे त्याने घ्यावं.

एक खरा दोष राहिला, मागेपुढे जाणं. बाराव्या प्रकरणात मावशी म्हणते तिला जिना चढवत नाही, आणि तिसऱ्यात ती गच्चीवर होती का नव्हती? कागदी खर्ड्यात बोट घालून ठेवता येतं, इथे अनुक्रमणिका उघडा, प्रकरण निवडा, पानं उलटा, परत या, आणि मंद स्क्रीनमुळे तोवर मुद्दा विसरायला होतो. शोध देता येतो पण देवनागरीत टाइप करायची सोय नसेल तर तोही नाही. त्यामुळे अशा सुसंगतीच्या तपासण्या मी यंत्रावर करतच नाही, त्या लॅपटॉपवर, आणि शेवटच्या खर्ड्याची सरळ प्रिंट काढते, प्रकरणं जमिनीवर पसरून पुढेमागे करायची असतील तर कागदाला पर्याय नाही. रीडर मधल्या खर्ड्यांसाठी. दोन आणि तीन नंबरच्या.

घेणार असाल तर नवंच मॉडेल पाहिजे असं काही नाही. इंचाला ३०० पिक्सेल, समोरून लाइट आणि फाँट टाकायची सोय एवढं असलं की जुनं, वापरलेलं चालतं, बॅटरी तेवढी बघून घ्या. आणि पैसे द्यायच्या आधी स्वतःच्या कादंबरीचं एक प्रकरण ईपब करून त्यात टाकून बघा, ‘ऱ्या’ नीट दिसला नाही आणि बाहेरचा फाँट घेत नसेल तर परत द्या, कितीही स्वस्त मिळत असला तरी.